हुकूम देणाऱ्याने भाषा शिकावी



पुण्याच्या नैऋत्येला, मुठेच्या काठी वारजे आहे. पूर्वीचे हे शेतीचे गाव १९९७ साली महानगरपालिकेत आले आणि जोंधळ्याच्या रानात इमारती उठल्या. त्या उभ्या करायला मराठवाड्याचे, कर्नाटकाचे, तेलंगणाचे, बिहारचे हात लागले.

अशाच एका बांधकामावर काही वर्षांपूर्वी पाहिलेला प्रसंग सांगतो. परांचीवरची फळी निसटली. मुकादम ओरडला, "सर रे! सर रे!" खाली घमेले भरणारा पोरगा तेलुगू मुलखातला, नुकताच आलेला. तेलुगूत 'सरे' म्हणजे 'बरं, ठीक आहे'! मुकादम आपल्या कामावर खूश आहे असे वाटून तो हसला आणि जागचा हलला नाही. फळी त्याच्या खांद्याला घासून गेली. वीतभराचे अंतर, म्हणून वाचला.

मुकादम त्याच्यावरच उखडला, "मराठी कळत नाही तर कामाला येता कशाला?"

तेव्हा एक म्हातारा गवंडी म्हणाला, "मुकादम, त्यानं आल्या दिवशी तुमची बोली कुठनं आणावी? तुम्ही इथं दहा वर्षं माणसं राबवताय. त्याचे चार शब्द तुम्हीच शिका की!"

मुकादम गप्प झाला. पण दुसऱ्या दिवशी त्या पोराजवळ बसून त्याने शब्द विचारून घेतले. तिरुपतीच्या रांगेत आपण 'जरगंडी, जरगंडी' ऐकतो ना? 'सरका, पुढे व्हा' असा त्याचा अर्थ. तोच शब्द आता परांचीवरून येऊ लागला. त्या पोरानेही हळूहळू 'सर रे' ओळखले.

वारज्यावरून पुढे गेले की खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. १९५५ पासून तिथे देशभरातली मुले शिकतात. त्यांच्या तुकड्या प्रांतवार पाडत नाहीत. सगळे एकत्र जेवतात, एकत्र कवायत करतात. पुढे सैन्यात परप्रांताचा अधिकारी मराठा लाइट इन्फंट्रीत आला, तर तो मराठी शिकतो. मराठी अधिकारी शीख रेजिमेंटमध्ये गेला, तर पंजाबी. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव अवलंबून, त्याने आधी शिकायचे, अशी ही रीत.

ही रीत वीटभट्टीवर, द्राक्षबागेत, कारखान्यातही चालेल. माणूस कामावर आला की विचारावे: बाबा, तुझा मोठा सण कोणता? तेलुगू-कानडी माणसाची उगादी आपल्या पाडव्यादिवशीच असते. बिहारी माणसाची छठ मात्र दिवाळीनंतर सहा दिवसांनी. हे आधी ठाऊक असले, तर सुट्टीवरून कुरबुर होत नाही.

आणि गुरुजी, बाई, या मजुरांची मुले तुमच्या वर्गात मागच्या बाकावर मुकी बसलेली असतात. 'पाणी', 'भूक', 'दुखतंय' एवढे तीन शब्द त्यांच्या भाषेत त्यांच्याकडूनच शिकून घ्या. गुरुजींना शिकवायला मिळाले की मुके मूल बोलू लागते.