गाडीचा दम गळतोय कुठे?

बायकांच्या कार्यक्रमात आज इंजिनाची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण आता कितीतरी गटांकडे स्वतःच्या गाड्या आल्या आहेत. कुणाचा टेम्पो आहे, कुणाची पिकअप. बहुतेक जुन्याच घेतलेल्या. हप्ता आपण भरतो, डिझेल आपण टाकतो, पण गॅरेजात उभं राहिलं की मिस्त्री आपल्या शेजारच्या पुरुषाकडे बघून बोलतो. म्हणून हा विषय घेतला.

आमच्या गटाची टर्बो इंजिनाची जुनी मालवाहू पिकअप आहे. आमच्यातल्या दोघी ती चालवतात. बाकीच्या माल भरतात, हिशोब ठेवतात. पण गाडीत काय चालतं हे सगळ्यांना कळलं पाहिजे, असं आम्ही पहिल्यापासून ठरवलं.

आधी टर्बो म्हणजे काय ते सांगतो. आपण चुलीत फुंकणीने फुंकतो ना, तेच. लाकडं तेवढीच असतात, पण हवा जोरात गेली की जाळ भडकतो. इंजिनातही डिझेल जळायला हवा लागते. साधं इंजिन जमेल तेवढी हवा स्वतः ओढून घेतं. तीच हवा दाबून आत ढकलली, तर तेवढ्याच इंजिनात जास्त डिझेल जळतं आणि जास्त ताकद मिळते.

हवा ढकलायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सुपरचार्जर. हा पंप इंजिनाच्याच जोरावर फिरतो, पिठाची गिरणी पट्ट्यावर फिरते तसा. दुसरा टर्बो. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा आत ढकलतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. एका बाजूला आगीसारखा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये तेल. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, पुढचं सगळं आपोआप कळेल.

फुंकणीचा एक नियम आपल्याला ठाऊक आहे. जाळ वाढवला तर भांडंही तसं जाड लागतं. पातळ पातेलं करपतं. इंजिनाचंही तेच.

याची एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यात एक बाई आहे. इंग्लंडमध्ये बेंटली नावाच्या शर्यतीच्या गाड्या बनत. १९२९ च्या सुमारास टिम बर्किन या शर्यतपटूने त्यांच्या साडेचार लिटरच्या गाडीला सुपरचार्जर बसवायचं ठरवलं. त्यासाठी पैसा दिला डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने. पुढे घोड्यांच्या शर्यतीतही तिने मोठं नाव कमावलं. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा मात्र सुपरचार्जरला विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हवा कोंबू नका, असं त्यांचं मत होतं. तरी गाडी झाली. साध्या गाडीची ताकद होती ११० हॉर्सपॉवरच्या आसपास, सुपरचार्जरवाली रस्त्यावरची गाडी १७५ च्या आसपास गेली. १९३० साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या वेगवान गाड्या उतरल्या. बर्किनने धडाकाही लावला. पण शर्यत संपेपर्यंत त्यांतली एकही टिकली नाही. पहिला आणि दुसरा नंबर आला त्याच कंपनीच्या, पण सुपरचार्जर नसलेल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा.

म्हणजे सुपरचार्जर वाईट, असं नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्याच दुसऱ्या एका मोठ्या शर्यतीत बर्किनची सुपरचार्जरवाली गाडी दुसरी आली. गोष्टीचं सार इतकंच की, दोन तास धावणं वेगळं आणि चोवीस तास टिकणं वेगळं. आपल्या गाडीला रोज बाजार गाठायचा आहे. आपली शर्यत टिकण्याची आहे.

अलीकडचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्येच २००२ पासून काही वर्षं मिनी कूपर एस ही सुपरचार्जरची छोटी गाडी बनत होती. हौशी लोक आजही त्या जुन्या गाड्या जपतात. त्यांच्यात एक फेरबदल फार चालतो. सुपरचार्जरची पुली काढून लहान पुली बसवायची. पुली लहान झाली की पंप जास्त वेगाने फिरतो, जास्त हवा ढकलतो. पण हवा दाबली की तापते, म्हणून ती थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, चांगला लागतो. पेट्रोलचा हिशोब बदलावा लागतो. आणि या गाडीत आणखी एक गंमत आहे. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच गिअरवर फिरतो. त्या गिअरचं थोडंसं तेल वेगळं असतं. ते आटलं, गिअर झिजले, की पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिन तापून बसतं. म्हणून जाणते लोक पुलीला हात लावण्याआधी ते तेल तपासतात. आधी देखभाल, मग फेरबदल.

आता आमच्या पिकअपकडे येतो. मागच्या उन्हाळ्यात टोमॅटोचे क्रेट भरून घाट चढताना ती दम टाकायला लागली. दुसऱ्या गिअरवर यायची, मागून काळा धूर सोडायची. एका मिस्त्रीने सुचवलं, "पंपाचं डिझेल वाढवून देतो, टर्बोचा दाबही वाढवतो. गाडी पळेल बघा."

आम्ही गटाच्या बैठकीत तीन प्रश्न काढले. डिझेल वाढलं की उष्णता वाढणार, ती जाणार कुठे? गाडी पळेल, पण ब्रेक तेवढेच राहणार का? आणि पूर्वी ही गाडी हाच घाट याच मालासकट चढत होती, तर मग तेव्हाचा दम गेला कुठे? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्या थांबल्या. गाडी पूर्वी चढत होती, म्हणजे तिला ताकद कमी नव्हती. ताकद कुठेतरी गळत होती. छपराला गळती असताना टाकी मोठी करून काय उपयोग?

मग दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली आणि म्हणालो, काही वाढवू नका, आधी शोधा. एअर फिल्टर उघडला तर फुफाट्याने गच्च. उसाच्या रस्त्याला दुसरं काय होणार? टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला वाकणाखाली चीर होती, भोवती तेलकट काळा डाग. टर्बो हवा ढकलत होता आणि ती चिरेतून बाहेर जात होती. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. शिवाय मागच्या एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. थोडं फिरून आल्यावर त्या चाकाजवळ हात नेला की धग लागायची. नवा फिल्टर, नवी नळी, नव्या क्लिपा आणि ब्रेकची दुरुस्ती. एवढ्यावर गाडी पूर्वीसारखी घाट चढली. सगळा खर्च थोड्या खेपांच्या भाड्यातून निघाला.

आता आम्ही काय पाळतो ते ऐका. वहीत उतरवून घ्या.

सकाळी गाडी चालू केली की लगेच रेस द्यायची नाही. अर्धा-एक मिनिट नुसती चालू ठेवायची, म्हणजे तेल टर्बोपर्यंत पोचतं. घाट चढून किंवा जोरात येऊन थांबलो की लगेच चावी फिरवायची नाही. एक-दोन मिनिटं शांत चालू द्यायची. इंजिन बंद झालं की तेलही थांबतं, पण टर्बोचं चाक अजून फिरत असतं आणि तापलेलं असतं. त्या उष्णतेने आतलं तेल करपतं, कढईच्या बुडाला धरतं तसं. थर साचत गेला की तेलाची वाट बुजते.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे त्याच ग्रेडचं घालायचं आणि सांगितलेल्या किलोमीटरला बदलायचं. साध्या इंजिनाला दोन हजार किलोमीटर उशीर कदाचित खपेल, टर्बोला खपत नाही. ऑइलची पट्टी गाडी सपाट जागी, इंजिन बंद असताना बघायची.

एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला बघायचा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. फाटका तर एक दिवसही ठेवायचा नाही, कारण त्यातून आलेला खडा आधी टर्बोच्या पात्यांवर आदळतो. नळ्या आणि क्लिपा महिन्यातून एकदा हाताने चाचपायच्या, इंजिन बंद आणि गार असताना. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना कधीही उघडायचं नाही. वाफेने तोंड भाजतं.

धुराचा रंग ओळखायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. टर्बोचं सील गेलेलं असू शकतं किंवा इंजिनाच्या रिंगा. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ येतो, पण इंजिन तापल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर गाडी थांबवा. टर्बोची हलकी शिट्टी नेहमीची असते. ती अचानक मोठी झाली किंवा घासल्याचा आवाज आला, तर पुढची खेप रद्द.

एक धोका मुद्दाम सांगतो. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल पिऊन धावू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. अशा वेळी गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन अडकून बंद पडतं. ते जमत नसेल तर बॉनेट उघडून हात घालू नका. सगळ्यांना दूर न्या.

आता फेरबदलाविषयी. आपल्याकडे टर्बोपेक्षा जास्त चालतो तो पाटे वाढवायचा प्रकार. मागे एक-दोन पाटे जास्त टाकले की गाडी बसत नाही, मग माल दीडपट. पण पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही, टायर वाढत नाही, चेसिस वाढत नाही. चढताना टर्बो रडतो आणि उतरताना ब्रेक. घाट उतरताना टर्बो आपल्याला वाचवत नाही, हे लक्षात ठेवा. आणि मालाच्या हौद्यात बायापोरांना बसवू नका. मालगाडीत तशी परवानगी नसते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

कायदाही जाणून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टी बदलतील असे फेरबदल मालकाने करायचे नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीएनजी किट बसवण्यासारख्या ज्या बदलांना परवानगी मिळते, तेही आरटीओत नोंदवूनच करायचे. म्हणून कुणी म्हणालं की दम वाढवतो, तर विचारा, आरसी बुकात काय लिहून देणार?

मग पैसे खर्चायचे कुठे? आम्ही क्रम ठरवला आहे. आधी ब्रेक, मग टायर, मग थंड ठेवणाऱ्या गोष्टी म्हणजे रेडिएटर, कूलंट आणि नळ्या, मग ऑइल आणि फिल्टर. रंग, हॉर्न आणि स्पीकर सगळ्यात शेवटी. आणि गाडीची एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे, कोणी बदललं. जुना सुटा भाग आम्ही मागून घेतो आणि बघतो. या वहीमुळे मिस्त्री आता आमच्याकडे बघून बोलतो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच करा. गटातल्या चौघींनी गाडीभोवती उभं राहा, बॉनेट उघडा आणि एअर फिल्टर, ऑइलची पट्टी आणि टर्बोची नळी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. जिला सापडणार नाही तिला दुसरीने दाखवायचं. बाकी आपण हळूहळू शिकू.