नमाजेचा नेम



माझे अब्बा लातूरच्या बाजारात हमाल होते. जानेवारीत तुरीची आवक सुरू झाली की त्यांना दुपार, संध्याकाळ कळायची नाही. क्विंटलाचं एक पोतं पाठीवरून उतरलं की दुसरं चढायचं. सौदे आटोपले की ट्रक भरायची घाई, आणि नेमकी त्याच घाईत असरच्या नमाजेची वेळ व्हायची. अब्बा हातातलं पोतं थप्पीला लावायचे, नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू करायचे, रिकामा बारदाना झटकून अंथरायचे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. उतरती उन्हं थेट डोळ्यांवर यायची. चार रकाती, म्हणजे नमाजेची चार आवर्तनं, सहा-सात मिनिटं. तेवढा वेळ त्यांचे जोडीदार हमाल त्यांच्या वाटणीची पोती उचलायचे. त्यातले दोघं आषाढीला पंढरपूरला जायचे, तेव्हा त्यांचं काम अब्बा ओढायचे. याबद्दल कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन बसायचो. एकदा विचारलं, ‘अब्बा, एवढ्या गडबडीत कशाला? घरी येऊन सावकाश पढा की.’ ते म्हणाले, ‘घरी येऊन पढली तर ती माझ्या सवडीची झाली.’

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. आज मी त्यावरच बोलणार आहे.

नमाजा पाच. पहाटे फजर, दुपारी जोहर, ऊन कललं की असर, सूर्य मावळताच मगरीब आणि रात्री इशा. फर्ज म्हणजे अनिवार्य रकाती मोजल्या तर दिवसाला सतरा होतात. वेळा घड्याळावर ठरलेल्या नाहीत, सूर्यावर ठरलेल्या आहेत. दुपारी सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर लागते. आपल्याकडच्या हनफी रिवाजात वस्तूची सावली, माध्यान्हीची सावली वजा करून, वस्तूच्या उंचीच्या दुप्पट झाली की असर. नांदेडला जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेसहाला. म्हणजे नमाजी माणसाचा दिवस वर्षभर हलत असतो, शेतकऱ्याचा हलतो तसाच. मशिदीत वेळापत्रक लावलेलं असतं, पण माझी दादी अंगणातल्या भिंतीची सावली बघून असर सांगायची आणि ती चुकत नसे.

कुरआनात नमाज ठरल्या वेळी फर्ज केल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. त्यातही मधल्या नमाजेला जपा, असं वेगळं बजावलं आहे. ही मधली नमाज म्हणजे असर, असं बहुतेक आलिमांचं मत आहे. ते मला पटतं, कारण असर कामाच्या ऐन भरात येते. पहाटे झोप आड येते, म्हणून फजरच्या अजानीत झोपेपेक्षा नमाज बरी, हे एक वाक्य जास्तीचं असतं. असरला पैसा आड येतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, ट्रक भरायचा असतो.

पैगंबर साहेबांची एक शिकवण त्यांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आपल्यापर्यंत आली आहे. अल्लाहला तेच काम सर्वांत आवडतं जे सातत्यानं केलं जातं, मग ते थोडं का असेना. वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्याकडे या सातत्याला नेम म्हणतात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात येणारा शीख भाविक त्याला नितनेम म्हणतो. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मशिदी भरून वाहतात, मला ते फार आवडतं. पण साध्या मंगळवारी असरला मागच्या रांगेत जो एकटा मेकॅनिक काळ्या हातांनी वजू करून उभा राहतो, त्याच्याकडे पाहून मला जास्त भरून येतं.

आणि इस्लामनं या नेमासाठी किती सवलती दिल्या आहेत पाहा. उभं राहवत नसेल तर बसून पढा, बसवत नसेल तर पडून, नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं. बायकांना महिन्याच्या त्या दिवसांत माफी आहे, आणि त्या नमाजा नंतर भरून काढायच्या नाहीत. प्रवासात चारच्या दोन रकाती होतात. आपल्याकडे साधारण ७८ किलोमीटरच्या पुढं जायला निघालं की ही कसर लागू होते, म्हणजे लातूरहून नांदेडच्या एसटीत बसलेला माणूस अहमदपूरच्या स्टँडवर जोहरच्या दोनच रकाती पढतो. जागा कमी चालते, रकाती कमी चालतात, पाणीही कमी चालतं. बायकांची ती माफी सोडली, तर अडचण निघाली की नमाजेचं रूप लहान होत जातं, पण ती सुटत नाही.

पाण्याचं तर लातूरकरांनी स्वतः अनुभवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात लोक घरूनच वजू करून मशिदीत यायचे. पैगंबर साहेब एका मुदभर पाण्यात वजू करत, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही त्यांची ताकीद. आम्ही हे लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि नळ सोडून वजू करत आलो होतो. त्या उन्हाळ्यात अम्मीनं तोटीचा बधना माळ्यावरून काढला. परातीत बसून ती वजू करायची आणि परातीतलं पाणी मेंदीच्या झाडाला घालायची. झाड जगलं. पिण्यापुरतंच पाणी उरलं तर तयम्मुमची मुभा असते. स्वच्छ मातीवर तळहात टेकवायचे आणि तोंडावरून, कोपरांपर्यंत हातांवरून फिरवायचे. दोन दिवस अम्मीनं तेही केलं, आमच्याच रानातल्या काळ्या मातीवर.

अब्बा आता नाहीत. मी नोकरीच्या निमित्तानं नांदेडला आलो तो इथलाच झालो. अम्मी लातूरलाच असते. रोज संध्याकाळी मी तिला फोन करतो. बोलता बोलता माझ्या खिडकीतून मगरीबची अजान ऐकू येते. नांदेड लातूरच्या पूर्वेला, त्यामुळं सूर्य इथं दोन-चार मिनिटं आधी मावळतो. अम्मी फोनवरच माझी अजान पूर्ण ऐकते, मधे बोलत नाही. मग म्हणते, ‘जा तू. आमची होतेय आता.’ मी फोन लगेच ठेवत नाही. तिच्या गल्लीतल्या भोंग्याची खरखर सुरू होईपर्यंत थांबतो.