पुन्हा किक मारण्याआधी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक आधी विचारतात, "चूक कुणाची?" आणि निघताना, चपला घालता घालता विचारतात, "मग आता गाडी विकणार ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पंचनाम्यात मिळतं. दुसऱ्याचं ज्याचं त्याला शोधावं लागतं. मला ते शोधायला आठ महिने लागले. आज त्या आठ महिन्यांविषयी बोलतो.

अपघात थोडक्यात सांगतो. २०२४ चा जानेवारी, ऊसगाळपाचा हंगाम ऐन भरात. पलूसकडचा एक कार्यक्रम आटोपून मी सांगलीला परतत होतो. रात्रीचे साडेदहा झाले असतील. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला आणि त्या उजेडात ट्रॉली दिसेनाशीच झाली. झोत सरला तेव्हा उसाची टोकं हाताच्या अंतरावर म्हणावीत इतकी जवळ. ब्रेक दाबला, रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून मागचं चाक सरकलं आणि मी डाव्या खांद्यावर आदळलो. हासळीचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना चिरा गेल्या. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नसावं, तो आपल्या गाण्यांच्या आवाजात पुढे निघून गेला. मी नोकरी करतो त्या बाजार समितीत सगळ्यांनी परस्पर निकाल लावला की, कवी माणूस, एखादी ओळ जुळवत असणार. त्या रात्री डोक्यात एकही ओळ नव्हती आणि काटा चाळीसच्या पुढे नव्हता. पण कवीच्या अपघाताला एवढं साधं कारण लोकांना पटत नाही.

मला उचललं ते ऊसतोड कामगारांनी. बीडकडची माणसं होती, रस्त्याकडेच्या कोप्यांतून धावत आली. एकजण हेल्मेट ओढून काढायला निघाला, तेव्हा त्यांच्यातल्याच एका बाईनं त्याला ओरडून थांबवलं. "मान हलवू नका त्यांची," म्हणाली. हे तिला कुठून ठाऊक होतं कोण जाणे, पण अगदी बरोबर होतं. मानेला मार असेल तर हेल्मेट हिसकण्यानं जन्माचं अधूपण येऊ शकतं. तिनं स्वतःच्या डोक्यावरचं फडकं सोडून माझा हात गळ्यात बांधला. एक जीप थांबवून त्यांनी मला आत घातलं आणि पोलिसांचं नाव निघताच सगळे अंधारात नाहीसे झाले. जखमीला मदत करणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात अडकवू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. ती बातमी त्या कोप्यांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

मिरज हे आमच्याकडचं दवाखान्यांचं गाव. तिथल्या एका डॉक्टरांनी हाड जुळवलं आणि खाटेशेजारी ठेवलेलं हेल्मेट हातात घेऊन म्हणाले, "हे आता फेकून द्या." मी म्हटलं, नुसता ओरखडा तर आहे. त्यांनी आतलं अस्तर उचकून दाखवलं. आतला थर्मोकोलसारखा थर एका जागी दबून बसला होता. तो थर एकदाच कामाला येतो. आदळण्याचा जोर स्वतः दबून घेतो, म्हणून कवटीपर्यंत कमी पोहोचतो. दुसऱ्यांदा त्याच्यात दबायला काही उरत नाही. मी हे हेल्मेट सहा वर्षं वापरत होतो, पण ते कसं काम करतं हे मला त्या दिवशी समजलं.

पडून राहिलो तेव्हा लॉरेन्स ऑफ अरेबियाविषयी वाचलं. वाळवंटातल्या लढाया करून जगलेला हा माणूस इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर मोटारसायकलवरून पडून मेला. १३ मे १९३५. चढउताराच्या रस्त्यावर सायकलवरची दोन पोरं अचानक दिसली, त्यांना चुकवायला त्यानं गाडी वळवली. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस तो शुद्धीवर आला नाही आणि १९ मे रोजी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे महायुद्धात लष्कराचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार डोक्याला मार लागून मरत होते. केर्न्स यांनी त्यांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करात हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपल्या चौकाचौकांत ज्यावरून पोलिसांशी हुज्जत चालते, त्या वस्तूची कुळकथा ही अशी आहे. मला स्वतःला लॉरेन्सच्या पुस्तकापेक्षा केर्न्सचा निबंध मोठा वाटतो. साहित्यिक मित्रांना हे आवडणार नाही.

आता आकडे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. माझ्या मुलीनं हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या औषधांच्या डब्यावर चिकटवला. "अब्बा, गोळी घेताना रोज वाचा," म्हणाली. वाचला. पण आकड्याची एक गंमत असते. तो घाबरवतो खूप, सांगत काही नाही. या ७५ हजारांत रात्रीचे किती, दिवसाचे किती, डोकं उघडं असलेले किती, मागं बसलेले किती? माझा प्रश्न "दुचाकी धोक्याची आहे का" हा नव्हताच. ती आहे. कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या माणसाला ती किती धोक्याची आहे, हे मला हवं होतं.

ते कळलं सरकारी फॉर्मवरून. माझा परवाना मे महिन्यात संपत होता. पंचावन्न वर्षांनंतर तो एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. त्यात पंचवीस मीटरवरची नंबरपट्टी वाचता येते का, तांबडा-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, अशा गोष्टी असतात. बहुतेक ठिकाणी हा दाखला उभ्याउभ्या मिळतो. मी मुद्दाम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दिवसाच्या उजेडात सगळं उत्तम निघालं. मग त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यांवर झोत टाकला, विझवला आणि अक्षरं वाचायला सांगितली. मला ती बराच वेळ दिसेनात. वाढत्या वयात बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आतलं भिंग किंचित धुरकटतं, झोतानंतर नजर सावरायला वेळ लागतो. हा आजार नाही, सगळ्यांनाच होतं, असं ते म्हणाले.

घरी येऊन हिशेब केला. ताशी ४० च्या वेगानं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ६० च्या वेगानं साडेसोळापेक्षा जास्त. नजर सावरायला तीन सेकंद लागले, तर ४० च्या वेगानंही तेहतीस मीटर मी आंधळा. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबण्याचं अंतर चौपट होतं. दिवे नसलेली ट्रॉली हा तिच्या मालकाचा गुन्हा, त्यात शंका नाही. पण त्या ट्रॉल्या पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा रस्त्यावर येणार होत्या आणि माझे डोळे तेव्हा आणखी एका वर्षानं म्हातारे होणार होते.

मग गाडी सोडून का देत नाही? आमच्या घरात हाच सवाल होता. एस.टी. आहे ना! आहे, आणि तिच्याविषयी मला प्रेम आहे. बायकोला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अम्मीला प्रवास फुकट आहे. आमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारा मीच एकटा. पण खेड्यातलं कविसंमेलन जेवणं आटोपल्यावर, नऊला सुरू होतं आणि बारापर्यंत रंगतं. शेवटची गाडी त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. २०२१-२२ च्या संपात तर महिनोन्‌महिने एस.टी. नव्हतीच. त्या दिवसांत वाचनालयांचे, तरुण मंडळांचे जे कार्यक्रम मी केले, ते दोन चाकांवरच. मानधन म्हणून नारळ आणि शाल मिळते, त्यात भाड्याची मोटार बसत नाही. गाडी सोडणं म्हणजे ती गावं सोडणं. शहरातल्या सभागृहात पंचवीस डोकी असतात आणि त्यांतली दहा स्वतःची कविता वाचायला आलेली असतात. खेड्यात बाया भाकरी उरकून येऊन बसतात. ते मला सोडायचं नव्हतं.

आणि गाडी आमच्या घरात मौजेची वस्तू कधी नव्हती. माझे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. आधी सायकल, मग जुनी राजदूत. मागं बांगड्यांची पेटी. संध्याकाळी पेटी उघडून फुटलेल्या बांगड्या मोजायचे आणि तो आकडा त्यांच्या गाडी चालवण्याचा निकाल असायचा. खड्डा दिसला की वेग आधी कमी करायचा, खड्ड्यात ब्रेक मारायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "जे लिहिलंय ते होणार, एवढा विचार कशाला?" मी त्यांना पैगंबरांची उंटाची गोष्ट आठवण करून दिली. आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा. ते हसले. "तुझा उंट पेट्रोल पितो," म्हणाले.

हाड जुळलं, परवाना हाती आला, तरी एक गोष्ट उरली होती. भीती. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा गाडीवर बसलो तेव्हा बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या ट्रॉलीजवळून जाताना हात लाकडासारखे झाले. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो आणि ज्या वस्तूची भीती वाटते तिच्याकडेच बघत राहतो. दुचाकीचा स्वभाव असा की नजर जिकडे, गाडी तिकडे. म्हणजे भित्रा स्वार बेफिकीर स्वाराइतकाच धोक्याचा. मी स्वतःला मुदत घातली. चार रविवार, सकाळी सहा ते सात, रिकाम्या आवारात सराव करायचा. तेवढ्यानं हात सैल झाले नाहीत तर गाडी विकायची. हमालांनी मला पोत्यांच्या ओळींतून वळणं काढून दिली. गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण थांबताना सगळा भार पुढे येतो; पण तो एकदम आवळायचा नसतो, लिंबू पिळावं तसा दाबत न्यायचा असतो. पस्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसानं हे पुन्हा गिरवायचं, याचं हमालांना फार हसू आलं. तिसऱ्या रविवारी मी ट्रॉलीजवळून गेलो आणि पलीकडे पोहोचल्यावर ध्यानात आलं की तिच्याकडे पाहिलंच नाही.

गाडी ठेवली. सूर्य मावळल्यावर मात्र चालवत नाही, हंगाम असो वा नसो. संयोजकांना आधीच सांगतो, एक तर कार्यक्रम दुपारी ठेवा किंवा मला रात्री झोपायला जागा द्या. काहींनी बोलावणं बंद केलं. बाकीच्यांच्या गावात मी आता मुक्काम करतो. शाळेच्या व्हरांड्यात, तालमीत, एकदा तर देवळाच्या ओवरीत झोपलो. पहाटे चहा घेऊन निघतो. कार्यक्रम संपल्यावर रात्री जी माणसं बोलत बसतात ती मला पूर्वी कधी भेटलीच नव्हती, कारण मी तोवर रस्त्याला लागलेला असे.

बायको आठ महिने या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. नवं हेल्मेट घ्यायला निघालो तेव्हा सोबत आली. २०२१ च्या जूनपासून आयएसआय छापाशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी दुकानाबाहेर दोरीवर दीडशे रुपयांची टोपली लटकत होतीच. मी माझ्यासाठी एक निवडलं. तिनं आत जाऊन स्वतःसाठी दुसरं मागितलं, ओढणीवरून घालून पाहिलं, पट्टा आवळला आणि दुकानदाराला म्हणाली, "दोन्हीचं एकत्र बिल करा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तासगावपर्यंत येईन. आणि चारच्या आत परत."