मॉडेलची झडती



सांख्यिकीच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मी ती थोडी मोडणार आहे आणि एकाच रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे: रिग्रेशन मॉडेल तपासण्याची सॉफ्टवेअर साधने. मॉडेल बसवायला आज एक ओळ पुरते. ते खरोखर बसले का, हे पाहायला आपण किती ओळी लिहितो?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रिग्रेशनच्या तपासणीला तीन पायऱ्या आहेत. यंत्राने गणित बरोबर केले का, ही पहिली. हातातल्या आकड्यांना मॉडेल लागू पडते का, ही दुसरी. उद्या येणाऱ्या आकड्यांनाही ते लागू पडेल का, ही तिसरी. पहिलीचा बराच भार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी उचलला आहे. दुसरीसाठी उत्तम साधने फुकट मिळतात. तिसरीसाठी नुसते साधन पुरत नाही, कोणीतरी वर्षानुवर्षे हिशेब ठेवावा लागतो. आणि आपण सर्वांत कमी वेळ देतो तो तिलाच.

पहिल्या पायरीपासून सुरुवात करू. १९६७ साली अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्यातील जेम्स लाँगली यांनी आपल्या देशाचे १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे आर्थिक आकडे घेतले, रोजगारावरचे रिग्रेशन हाताने सोडवले आणि तोच प्रश्न त्या काळच्या संगणक-प्रोग्रॅमना घातला. एकाच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आली. काही प्रोग्रॅमचे सहगुणक पहिल्या-दुसऱ्या अंकापासूनच चुकले होते. कारण आकड्यांच्या स्वभावात होते. राष्ट्रीय उत्पन्न, लोकसंख्या आणि वर्ष ही तिन्ही एकत्रच वाढत जातात. अशा वेळी गुणाकारांच्या बेरजा करून समीकरणे सोडवली की मधल्या पायऱ्यांतच अंक गळून पडतात. आजची चांगली पॅकेजे तो मार्ग टाळतात आणि क्यूआर विघटनाने उत्तर काढतात, त्यामागे या धड्याचाही वाटा आहे.

अमेरिकेच्या निस्ट या मापन-संस्थेने पुढे अशा कसोटीच्या आकडेवारींचा संच प्रसिद्ध केला. त्यांची प्रमाणित उत्तरे पाचशे अंकांच्या अचूकतेने हिशेब करून काढलेली आहेत. लाँगलीचे आकडे त्यात आहेत आणि फिलिप नावाचा एक कठीण नमुनाही आहे: ८२ निरीक्षणे आणि दहाव्या घाताची बहुपदी. हा नमुना ‘आर’ या सॉफ्टवेअरला नेहमीच्या सेटिंगवर सरळ सोडवायला दिला, तर तो एक सहगुणक काढून टाकतो आणि त्या जागी ‘एनए’ लिहितो. मला हे वागणे आवडते. जमत नसेल तिथे यंत्राने तसे कबूल करावे. रुबाबात सात दशांश स्थळे छापून चुकीचे उत्तर देणारे यंत्र त्याहून घातक.

दुसऱ्या पायरीचे साहित्य फार समृद्ध आहे, म्हणून तिथे थोडे अधिक थांबतो. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली रचलेले चार संच आपण सगळे शिकवतो. प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत सरासऱ्या जवळपास त्याच, सहसंबंध ०.८१६, रेषाही तीच: तीन अधिक अर्धा क्ष. आलेख काढला की पहिल्यात साधा रेषीय संबंध दिसतो, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेला वर ओढताना. वर्गात आपण इथेच थांबतो. माझी विनंती आहे की चौथ्या संचापाशी थांबावे. त्यात दहा बिंदूंचा क्ष आठ आहे आणि एकाचा एकोणीस. रेषेचा उतार सर्वस्वी त्या एका बिंदूवर अवलंबून आहे, म्हणून रेषा अचूक त्याच्यातूनच जाते आणि त्याचा रेसिड्युअल, म्हणजे रेषेपासूनचा फरक, शून्य येतो. रेसिड्युअल मोठे कुठे आहेत एवढेच शोधणाऱ्याला हा बिंदू सर्वांत निर्दोष वाटेल. ‘आर’मध्ये लेव्हरेजचा, म्हणजे निरीक्षण इतरांपासून किती दूर आहे याचा, आलेख काढला, तर हा बिंदू त्यात येतच नाही, कारण त्याचे लेव्हरेज पूर्ण एक आहे आणि भागाकारात खाली शून्य येते. एका ओळीचा इशारा तेवढा उमटतो. तो इशारा न वाचणाऱ्याच्या हाती अतिशय नेटका आलेख पडतो.

अशा बिंदूंना पकडण्यासाठी आर. डेनिस कुक यांनी १९७७ साली आपले अंतर मांडले: एक निरीक्षण वगळले तर सगळे मॉडेल किती हलते? या साऱ्या शास्त्राच्या पायाशी भारतीय काम आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. हे लेव्हरेज म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ साली मांडलेल्या अंतराचेच दुसरे रूप. प्रचरण सगळीकडे सारखे आहे का, हे पाहणारी ब्रॉइश-पेगन चाचणी १९७९ सालची. ती सी. आर. राव यांच्या १९४८ मधील स्कोअर चाचणीच्या घराण्यातली. रेसिड्युअल प्रसामान्य आहेत का, हे पाहणाऱ्या जार्क-बेरा चाचणीतले अनिल बेराही भारतीयच.

आज ही सगळी हत्यारे एका टेबलावर मांडलेली आहेत. ‘आर’मध्ये एलएमटेस्ट आणि कार ही पॅकेजे आहेत. साध्या रेषीय मॉडेलपलीकडे गेलात तर नक्कल-आकड्यांवरून रेसिड्युअल तपासणारे धर्मा आहे. पायथॉनमध्ये स्टॅट्समॉडेल्स आहे, स्टाटामध्ये एस्टॅटच्या आज्ञा आहेत. प्रश्न आहे तो न मागता काय समोर येते याचा. ‘आर’चा सारांश सहगुणक, प्रमाण त्रुटी आणि पी-मूल्ये दाखवतो. तपासणीचे आलेख वेगळे मागावे लागतात. स्टॅट्समॉडेल्सचा सारांश डर्बिन-वॉटसन, जार्क-बेरा आणि कंडिशन नंबर तळाशी आपणहून छापतो. सायकिट-लर्नचे रेषीय रिग्रेशन प्रमाण त्रुटीसुद्धा देत नाही, कारण ते भाकितासाठी बांधलेले आहे. बहुसंख्य वापरणारे न मागता जे मिळते तेच वाचतात. म्हणजे आपल्या व्यवसायाची शिस्त पॅकेज लिहिणाऱ्याच्या आवडीवर ठरते आहे. ती आपण ठरवायला हवी.

चाचण्यांचीही मर्यादा सांगायला हवी. निरीक्षणे लाखांवर गेली की प्रचरणातला किरकोळ फरकही ‘सार्थक’ ठरतो. पंधरा-वीस निरीक्षणांत ढळढळीत दोषही चाचणीच्या जाळ्यातून सुटतो. चल एकमेकांत किती गुंतले आहेत हे सांगणारा व्हीआयएफ दहाच्या वर गेला की चल काढून टाका, हा नियम पाठ करणारे पुष्कळ भेटतात. पण तो चल प्रश्नाच्या गाभ्याचा असेल, तर तो काढल्यावर उरलेला सहगुणक वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो. चाचणीचा निकाल हा विचाराला सुरुवात करून देतो, विचार संपवत नाही.

आता तिसरी पायरी. तिच्यासाठी उदाहरण शोधायला देशाबाहेर जावे लागत नाही. मान्सूनचे दीर्घकालीन अंदाज ही आपल्या देशातील रिग्रेशनची फार जुनी सार्वजनिक परीक्षा आहे. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सहसंबंधांवर आधारलेले अंदाज सुरू केले. आणि त्याच वॉकर यांनी १९१४ साली धोक्याची घंटाही वाजवली: अनेक घटकांमधून सर्वांत मोठा सहसंबंध निवडला, तर तो एकट्याने तपासल्यासारखा तपासता येत नाही, कारण पुष्कळ घटक चाळले की एखादा निव्वळ योगायोगानेही मोठा निघतोच. संगणक नसताना, पंचांगाएवढ्या तक्त्यांमध्ये राबताना, त्यांना हे दिसले. आज शेकडो चल एका रात्रीत चाळणाऱ्या आपल्याला ते दिसायलाच हवे.

१९८८ पासून हवामान खाते वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले सोळा घटकांचे पॉवर रिग्रेशन मॉडेल वापरू लागले. पुढची अनेक वर्षे अंदाज बरोबर येत गेले. १९८९ ते २००१ या काळात देशाचा एकूण पाऊस दर वर्षी सामान्य मर्यादेतच राहिला. मग आले २००२. अंदाज होता दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के, आणि जुलैत तर नेहमीच्या जेमतेम निम्मा. पुढील वर्षी खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेले आणली. २००४ साली पुन्हा पाऊस उणा पडला आणि तोही अंदाजात नव्हता. २००७ मध्ये पद्धत आणखी बदलली.

या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. गोवारीकरांचे काम धाडसी होते आणि त्याची टवाळी करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. पहिली गोष्ट यशाच्या वर्षांबद्दल आहे. ज्या तेरा वर्षांत दर वर्षी पाऊस सामान्य पडला, त्या काळात ‘यंदा सामान्य’ एवढेच वाक्य दर वर्षी छापणाराही दर वर्षी बरोबर ठरला असता. मॉडेलची खरी परीक्षा त्या वर्षांत झालीच नव्हती. दुसरी गोष्ट घटकांबद्दल. अनेक घटकांचे पावसाशी असलेले नाते काळानुसार क्षीण होत गेले होते. नाते बदलले का, हे तपासायला साधने होती. ग्रेगरी चाऊ यांची चाचणी १९६० ची, ब्राउन, डर्बिन आणि इव्हान्स यांची कुसम पद्धत १९७५ ची. आज ‘आर’मधले स्ट्रकचेंज हे पॅकेज ते काम काही ओळींत करते. पण त्याला दर वर्षीचा नवा आकडा कोणीतरी भरवावा लागतो, आणि आलेखाने मर्यादा ओलांडली की ‘मॉडेल थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी द्यावा लागतो.

हा प्रश्न आता शेताच्या बांधापर्यंत आला आहे. पीकविम्यात उपग्रहाच्या माहितीवरून उत्पादनाचा अंदाज काढण्याची पद्धत रुजू लागली आहे. मॉडेल म्हणते हेक्टरी दहा क्विंटल आणि खळ्यावर भरतात चार; आपल्या आलेखातला तो एक रेसिड्युअल म्हणजे एका शेतकऱ्याचे बुडालेले वर्ष. साताऱ्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी यादृच्छिक नमुन्याच्या पीककापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. मॉडेलची झडती घ्यायला लागणारे खरे आकडे त्या प्रयोगांतूनच मिळतात. उपग्रह आला म्हणून कापणी प्रयोग कमी केले, तर मॉडेलला खोटे ठरवणारा साक्षीदारच आपण घरी पाठवू.

म्हणून या अधिवेशनापुढे तीन सूचना ठेवतो. एक, विद्यापीठांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मॉडेल बसवण्याइतकेच गुण त्याच्या तपासणीला असावेत, आणि रेसिड्युअल व लेव्हरेजच्या आलेखांशिवाय अहवाल स्वीकारू नये. दोन, निर्णयासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कचेरीने नवी आवृत्ती आली की निस्टचे संच चालवून उत्तरे ताडून पाहावीत. हे काम एका दुपारचे आहे. तीन, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक मॉडेलचे भाकीत आणि प्रत्यक्ष आकडा दर वर्षी शेजारी-शेजारी प्रसिद्ध व्हावा, आणि कोणत्या मर्यादेनंतर मॉडेल मागे घ्यायचे हे ते सुरू करण्याआधीच लिहून ठेवावे.

पहिल्या दोन सूचना आपल्या हातात आहेत, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. तिसरीसाठी शासनाकडे जावे लागेल. आपण समारोपाच्या सत्रात तसा ठराव करावा, आणि तो घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळात माझे नाव पहिले धरावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.