भाड्याचे घर आणि वलंदेजी बोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पापड, लोणचे यांविषयी विचारा, उभ्याउभ्या सांगेन. पण सगळ्यांचे एकच म्हणणे, "तुम्ही परदेशी तीन महिने राहून आलात, तिथली भाषा शिकलात, ते सांगा." भाषा शिकले म्हणणे फार झाले. घर भाड्याने घेण्यापुरते पन्नास-साठ शब्द शिकले. ते का शिकावे लागले आणि त्यांनी मला काय शिकविले, तेवढेच सांगते.

माझी थोरली मुलगी नेदरलँड देशात आइंडहोवन या गावी असते. जावई तिथे नोकरीला आहेत. तिचे दिवस भरत आले म्हणून मी गेले. गाव मोठे, पूर्वीपासून फिलिप्सच्या दिव्यांचे गाव म्हणून नावाजलेले. ही कंपनी तिथे १८९१ साली निघाली. हल्ली शेजारच्या वेल्डहोवनला संगणकाच्या चिपा बनविणारी यंत्रे तयार होतात, त्यामुळे आपल्याकडची पुष्कळ मुले तिकडे आहेत. तिथले लोक म्हणजे डच, जुन्या कागदांत ज्यांना वलंदेज म्हणत तेच. त्यांची वखार वेंगुर्ल्यास होती, आपल्याजवळच्या सुरतेसही होती. एकेकाळी ते इकडे घर शोधीत आले, आता आपण तिकडे शोधतो आहोत.

मुलीचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. जिना असा उभा आणि अरुंद, की मला आपल्या धान्याच्या माळ्याची शिडी आठवली. सातव्या महिन्यातली मुलगी दोन पिशव्या घेऊन तो जिना चढू लागली, की खाली उभी राहून माझा जीव वरखाली होई. मी जावयांना म्हटले, "बाळ येण्याआधी तळमजल्याचे घर पाहा." ते म्हणाले, "आई, घर मिळणे इथे फार कठीण. एका घरामागे माणसे रांगेने उभी असतात." जावई दिवसभर कामावर. मग ठरले, की घरे पाहण्यास मुलीबरोबर मी जावयाचे. आणि मुक्यासारखे जावयाचे नाही, म्हणून रोज दुपारी भाजी निवडता निवडता मुलगी मला शब्द सांगू लागली.

आधी वाटले, जीभ वळणार नाही. त्यांचा 'ग' घशातून 'ख'सारखा येतो. पण काही शब्द ऐकून मला हसूच आले. नावाला ते 'नाम' म्हणतात. दाराला 'द्योर'. खोलीला 'कामर'. आपला कमरा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीजांचा व डचांचा दोघांचाही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून निघाला, असे मुलीने सांगितले. म्हणजे दूरचे का होईना, नातेच.

भाड्याला म्हणतात 'ह्यूर'. भाड्याने घेणे ते 'ह्यूरन', आणि भाड्याने देणे ते 'फरह्यूरन'. भाडेकरू 'ह्यूर्डर', घरमालक 'फरह्यूर्डर'. मागे एक 'फर' लागला की भाडेकरूचा मालक झाला! अनामत रकमेला 'बोर्ख'. घर पाहण्यास जाणे म्हणजे 'बेझिख्तिखिंग', हा शब्द माझ्या तोंडी बसायला चार दिवस लागले. तळमजला 'बेखाने ख्रोंद', जिना 'त्राप'.

सर्वांत गमतीचा शब्द 'काल'. त्याचा अर्थ बोडका. 'काले ह्यूर' म्हणजे बोडके भाडे, ज्यात जिन्याची झाडलोट वगैरे वरखर्च धरलेला नाही. आणि घर 'काल' असेल तर त्यात फरशीसुद्धा नसते. नुसता सिमेंटचा कोबा. भाडेकरू आपली जमीन आपण घालतो, आणि सोडताना पुष्कळदा काढूनही नेतो! 'खस्टोफेर्त' म्हणजे जमीन व पडदे असलेले, आणि 'खमोबिलेर्त' म्हणजे सामानासकट. हे तीन शब्द ठाऊक नसतील तर स्वस्त घर महागात पडते.

पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. मोबाइलवर एका घराची जाहिरात आली. चित्रे सुरेख, भाडे कमी. मालकाने लिहिले, 'मी परगावी आहे, दोन महिन्यांची अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल.' जावई थकलेले, पैसे पाठवावयास निघाले. मी म्हटले, "सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात पाहिल्याशिवाय कोणी विसार देत नाही. आधी बेझिख्तिखिंग, मग बोर्ख." जावयांनी तसे लिहिले. त्या गृहस्थाचे पुन्हा उत्तर आले नाही. नव्याने गेलेल्या मुलांना फसविण्याची ही तिकडे नेहमीची रीत आहे, असे मागून समजले.

आणखी एक प्रश्न मी तोंडपाठ केला होता. 'मख इक म हीर इनस्ख्रेवन?' म्हणजे, या पत्त्यावर माझे नाव नोंदविता येईल ना? घर बदलले की पाच दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. जो मालक नोंदणीला नाही म्हणतो, त्याच्याकडे काहीतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

चार घरे हातची गेली. पाचवे एका वृद्ध बाईंचे, तळमजल्याचे. मी नमस्कार करून 'मेन नाम इस' म्हणून माझे नाव सांगितले. बाई खुलल्या आणि भरभर बोलू लागल्या. मुलगी स्वयंपाकघर पाहावयास आत गेली होती. मला एक अक्षर कळेना, पण वडीलधारी बाई बोलते आहे, गप्प कसे राहावे, म्हणून मी मान हलवून 'या, या' म्हणत राहिले. 'या' म्हणजे हो. मुलगी बाहेर आली तर बाई तिला म्हणाल्या, "ठरले तर! तुमच्या आईंनी मान्य केले, भाडे मागल्या पंधरा तारखेपासून धरायचे." मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या बाई भल्या होत्या. मुलीने समजावून सांगताच हसल्या आणि एक तारीख कबूल केली. नाहीतर माझ्या मान हलविण्यापायी अर्ध्या महिन्याचे भाडे गेले असते.

घर मिळाले. होते 'काल'च. जावयांनी मित्रांना घेऊन दोन शनिवार-रविवार जमीन घातली. नातू त्याच घरात आला.

पण भगिनींनो, त्या 'या, या'ने मला रात्री झोप येईना. आमच्या मागल्या दोन खोल्या आम्ही शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देतो. त्यांतली एक धडगावकडची. तिने खोली सोडली तेव्हा तिची आई न्यावयास आली होती. तिची बोली पावरी. मी आपल्या मराठीत भरभर सांगितले, चुना लावावा लागेल, अनामतीतून आठशे रुपये कापते. ती मान हलवून "हो, हो" म्हणाली. मी समजले, तिला मान्य आहे. आता कळले, की तिचे 'हो' आणि माझे 'या' एकच होते. मी तिथे परदेशी होते. ती तर आपल्याच जिल्ह्यात होती.

तिकडे १ जुलै २०२३ पासून कायदा आहे. अनामत बोडक्या भाड्याच्या दोन महिन्यांहून अधिक घेता येत नाही, करार लेखी पाहिजे, आणि काही कापावयाचे नसेल तर घर सोडल्यावर चौदा दिवसांत अनामत परत द्यावी लागते. मी आल्यावर आमच्या ह्यांना विचारले, आपल्याकडे काही आहे की नाही? तर आहे! महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणी करविण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांचा कागद केला म्हणजे नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे. मी इतकी वर्षे खोल्या दिल्या, कधी धड पावतीही दिली नव्हती.

मी त्या मुलीला निरोप धाडून तिच्या आईला बोलावून घेतले. आठशे रुपये हाती ठेवले आणि मुलीला म्हटले, "का कापले होते आणि का परत देते, ते तुझ्या आईला तुमच्या बोलीत सांग." तिने सांगितले. बाई आधी घ्यावयास तयार होईना. मग म्हणाली, ते मुलीने मला मराठीत सांगितले, "त्या वेळी मला वाटले, इथली रीतच तशी असेल."

भगिनींनो, या शहरात आपल्यापैकी बऱ्याच जणी खोल्या देतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, तेव्हापासून कचेऱ्या, शाळा, कॉलेजे यांसाठी अक्कलकुवा, अक्राणी, नवापूरकडून मुली येतात. कुणाची बोली भिली, कुणाची पावरी, कुणाची गुजराती. आपल्या घरी अहिराणी. माझी मंडळाला एक विनंती आहे. भाडे, अनामत, वीजबिल, पावती, सोडण्याची मुदत असे वीस-पंचवीस शब्द या साऱ्या बोलींत लिहून एक कागद तयार करावा. शब्द त्या मुलींकडूनच घ्यावेत. खोली देताना तो समोर ठेवावा, आणि समोरची "हो" म्हणाली तरी तिला एकदा विचारावे, "काय समजले ते तुम्ही सांगा बरे."

आणि परदेशी जाणाऱ्या मुलांना एक वाक्य जरूर शिकवून पाठवा. 'कुन्त यू लांगझामर स्प्रेकन?' म्हणजे, जरा सावकाश बोलता का? ते वाक्य मला त्या दिवशी येत होते. लाजेपायी म्हटले नाही, एवढेच. लाजू नये.