जॅझचा षड्ज
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



जॅझ म्हटले की पुष्कळजणींना हॉटेलातला गोंगाट आठवतो. पण सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधल्या चाली आपण हौसेने गुणगुणतो, आणि त्या वाद्यवृंदातले चिक चॉकलेट हे गोव्याचे जॅझवादकच! असो. मला बोलायचे आहे ते रियाजाविषयी.

माइल्स डेव्हिस यांनी २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कला ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केले. पेटीवर पांढरी दोनला सा धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट! तिकडे त्याला डोरियन म्हणतात. चार-चार मात्रांची सोळा आवर्तने या स्वरांत उपज करायची. मग आठ आवर्तने षड्जच अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर जातो, आणि शेवटची आठ पुन्हा पांढरी दोनवर. अशी बत्तीस झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मला हे फार जड गेले. आपल्याकडे तंबोरा जुळला की षड्ज हलत नाही. मी दोन्ही सप्तके महिनोन्‌महिने घोटली. धाकट्या जाऊबाई म्हणत, “वहिनी, जिना किती वेळा चढाल नि उतराल?” पुढे भाच्याच्या मित्रमंडळींबरोबर वाजवायला बसले. सतराव्या आवर्तनाला सारी मुले काळी दोनवर गेली आणि मी खालीच! हात थांबला तो थांबलाच. घरी येऊन आठवडाभर पेटी उघडली नाही.

स्वर मला पाठ होते. ते केव्हा बदलायचे हे हाताला ठाऊक नव्हते. म्हणून मग पायाने ठेका धरून एकच स्वर घेतला, गंधार. सोळा आवर्तने पांढरी चार, सतराव्याच्या पहिल्या मात्रेला काळी तीन. पंधरा दिवस एवढेच! नंतर त्या गंधाराकडे जाणाऱ्या तीन-तीन स्वरांच्या जागा शोधल्या, कधी पंचमापासून, कधी निषादापासून. षड्जापासून मुद्दाम नाही. मग मध्ये थांबायला शिकले. हे सर्वांत कठीण, कारण हात शिवशिवतात. डेव्हिस यांचा ट्रम्पेट ऐका, ते किती वेळ गप्प राहतात!

तर पेटी इथे आणलीच आहे. कोणी भगिनी टाळीने मात्रा धरील का? सतराव्या आवर्तनाला माझे काय होते ते आपणच पाहा.