दवाखान्याच्या चादरी कोण धुतं?

गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी आपापल्या घरचा जमाखर्च मांडतो. आज एका लांबच्या शहराचा हिशेब सांगतो. शहर अमेरिकेतलं, ओहायो राज्यातलं. नाव क्लीव्हलँड.

१९५० साली इथे नऊ लाखांवर लोक राहत होते. पोलादाच्या भट्ट्या होत्या, मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने होते. दक्षिणेकडच्या राज्यांतून कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी इथे आली. पण त्यांच्या वस्त्यांना घरासाठी कर्ज द्यायला बँका तयार नसत. पुढे कारखाने बंद पडत गेले. ज्यांना जमलं ते उपनगरांत राहायला गेले. २०२० च्या जनगणनेत शहरात उरले सुमारे ३ लाख ७२ हजार लोक.

मग काम संपलं का? नाही. आज तिथे मोठी रुग्णालयं आहेत. क्लीव्हलँड क्लिनिकचं नाव तर जगभर घेतात. पण त्याच भागातल्या कितीतरी घरांत चूल जेमतेम पेटते. शहरातली सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने एका ओळीत उभी केली, तर अगदी मधल्या घराचं वर्षाचं उत्पन्न २०२२ च्या सुमारास ३७-३८ हजार डॉलरच्या आसपास होतं. तेव्हा सगळ्या देशाचा हाच आकडा साधारण ७५ हजार होता, म्हणजे जवळजवळ दुप्पट. डॉलरचे रुपये करून हरखून जाऊ नका. तिथलं घरभाडं आणि डॉक्टरची फीसुद्धा डॉलरमध्येच द्यावी लागते.

तिथल्या काही मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला. रुग्णालयाला रोज ढीगभर चादरी, टॉवेल लागतात. ते धुण्याचे पैसे जातात कुठे? त्यातून २००९ मध्ये एव्हरग्रीन नावाची सहकारी लाँड्री सुरू झाली. आसपासच्या वस्तीतल्या लोकांना तिथे काम मिळालं. काही महिने काम पाहून जुने सभासद नव्याला सभासद करायचं की नाही ते मतदानाने ठरवतात. सभासदाच्या भागाची रक्कम पगारातून थोडी थोडी कापली जाते. नफा झाला की त्याचा वाटा सभासदाच्या नावावर जमा होतो. पुढे भाजीपाल्याचं मोठं हरितगृह आणि सौरऊर्जेचं कामही याच पद्धतीने उभं राहिलं.

एका लाँड्रीने शहराची गरिबी गेली, असं आम्ही म्हणणार नाही. अजूनही तिथे दहांतले सुमारे तीन जण गरिबीत आहेत. पण जे सभासद झाले, त्यांच्या हातात पगारासोबत मालकी आली.

मैत्रिणींनो, आपण कर्ज वेळेवर फेडतो, पापड-मसाले विकतो. पण आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयाच्या चादरी, वसतिगृहाचं जेवण, शाळेचे गणवेश ही कामं कोणाकडे आहेत? तिथे आपल्या बायका रोजंदारीवर राबतात आणि ठेका दुसऱ्याच्या नावावर असतो. पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते घेऊन झाले की वहीचं एक पान कोरं ठेवा. आपल्या भागात दर महिन्याला कोण काय विकत घेतं, त्याची यादी त्यावर करा. त्यातलं एक तरी काम आपल्या गटाच्या नावावर घेता येईल का, ते सगळ्या मिळून ठरवू या.